चाप हलका असावा की जड?

गेल्या वर्षभरापासून माझ्या मोबाइलवर वेगळ्याच प्रकारचे व्हिडिओ येऊ लागलेत. पाठवणारे माझेच माजी विद्यार्थी. अमेरिकेतला एखादा दाढीवाला गृहस्थ टेबलावर रायफल उघडून बसलेला असतो आणि वीस-वीस मिनिटं एकाच गोष्टीवर बोलतो: सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत कारखान्यातून आलेला ट्रिगर काढून त्याजागी कोणता बसवावा. साडेतीन पौंडांचा की साडेचारचा? एका टप्प्याचा की दोन? सपाट की वळणदार? आमच्या तलवाड्यात अशी रायफल कुणाकडे नाही, आणि कायद्याने ती मिळणारही नाही. तरीही शेळ्या राखणारी, मेडिकलच्या दुकानात काम करणारी, डी.एड. करून घरी बसलेली मुलं हे शेवटपर्यंत बघतात. हसण्यावारी नेण्यासारखं मला ते वाटलं नाही. बीड जिल्ह्यात तर मुळीच नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे सवयीने आधी शब्दाकडे जातो. ट्रिगरला मराठीत चाप म्हणतात. बोलताना लोक घोडाही म्हणतात, पण घोडा म्हणजे खरं तर आतला हातोडा, जो काडतुसाला ठोका देतो. उर्दूत ट्रिगरला लबलबी म्हणतात. ऐकायला एखाद्या पक्ष्याचं नाव वाटावं इतका लाडिक शब्द. मराठीची गंमत अशी की चाप ओढला की गोळी सुटते आणि चाप लावला की एखाद्या गोष्टीला आवर बसतो. खर्चाला चाप लावा, असं आपण रोज म्हणतो. एकाच शब्दाची ही दोन कामं त्या व्हिडिओतल्या गृहस्थाला सांगता आली असती तर बरं झालं असतं.

आता त्याचं म्हणणं काय, ते नीट समजून घेऊ. त्यात तथ्य आहे.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एक गोळी. गोळी सुटली की तिच्याच वायूच्या किंवा धक्क्याच्या जोराने रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, नवीन आत जातं आणि घोडा पुन्हा ताणला जातो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण पुढची गोळी सुटायला बोट सैल सोडून पुन्हा ओढावं लागतं. त्यासाठी आत नखाएवढी एक अडकण असते. बोट दाबलेलं असेपर्यंत ती घोड्याला धरून ठेवते. बोट सुटलं की घोडा पुन्हा चापाच्या ताब्यात देते. अख्ख्या रायफलीत मला सर्वात आवडलेला भाग तोच. ही अडकण नीट चालत असेल तर बंदूक माणसाचं ऐकते. ती झिजली, किंवा कुणी कानस घेऊन तिच्याशी खेळला, तर एका ओढीत दोन गोळ्याही जाऊ शकतात.

फौजी नमुन्याच्या अमेरिकन रायफलीचा चाप साधारण अडीच ते चार किलोच्या ओढीचा असतो. तो मुद्दाम जड ठेवलेला असतो. चिखलात, थंडीत, घाबरलेल्या हातात तो चुकून सुटू नये म्हणून. पण नेम साधायचा तर हाच जडपणा आड येतो. आपल्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीचं दुकान लागतं, ते आठवा. चाप इतका कडक की पोरं झटका देऊन ओढतात, नळी हलते, छर्रा भलतीकडे जातो आणि दुकानदाराचे पैसे वसूल होतात. चांगल्या चापात हा झटका नसतो. दोन टप्प्यांच्या चापात आधी थोडी सैल ओढ असते, मग बोटाला एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर शेवटचा थोडासा दाब दिला की काच तडकावी तशी गोळी सुटते. नेमबाज त्या भिंतीपाशी थांबतो, श्वास धरतो, वाटलं तर बोट मागे घेतो. थांबायला ती जागा असणं, हेच मला दोन टप्प्यांच्या चापाचं मोठेपण वाटतं. मला कुणी विचारलंच की दोहोंत चांगला कोणता, तर दोन टप्प्यांचा.

हलकेपणाला मात्र मर्यादा आहे. फार हलका चाप बंदूक पडली तरी सुटू शकतो, हातमोज्यातल्या बोटाला कळायच्या आत सुटू शकतो. आणि चापातला बारीकसा दोषही केवढ्याला पडतो बघा. रेमिंग्टनसारख्या जुन्या कंपनीला २०१४ साली आपल्या मॉडेल ७०० रायफली परत मागवाव्या लागल्या, कारण २००६ पासून बसवलेल्या नव्या चापात जोडणीचा चिकट पदार्थ जास्त राहिल्याने काही रायफली न ओढताही सुटू शकत होत्या. ही कारखान्यातली गोष्ट, जिथे यंत्रं आहेत, तपासनीस आहेत. व्हिडिओ बघून टेबलावर बसवलेल्या चापाचं काय, ते सांगायला नको.

या मुलांना मी एक उलटा व्हिडिओ पाठवतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतचा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिने सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या हातातलं पॉइंट टू-टूचं पिस्तूलही सेमी-ऑटोमॅटिकच असतं. पण त्या प्रकारात चापाचं वजन किमान १००० ग्रॅम असावंच लागतं. पंच पिस्तूल उभं धरतात, चापाला तेवढं वजन टांगतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं तर ठीक. चाप आधीच सुटला तर त्या पिस्तुलाने खेळता येत नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाला हीच मर्यादा ५०० ग्रॅमची. जगातले सर्वात सराईत हात, बोटाच्या पेरावर वर्षानुवर्षं मेहनत घेतलेली माणसं, आणि त्यांनाही सांगितलं जातं की याहून हलकं चालणार नाही. चापाचं वजन निवडणं म्हणजे काय, ते कळायला हा नियम पुरेसा आहे.

तिकडचाच स्वप्निल कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत त्याने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ऑलिंपिक कांस्य मिळवलं. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून, प्रत्येक स्थितीत चापावर बोट वेगळं पडतं. चापाचं वेड असेल तर त्याच्या वेडासारखं असावं. आमच्या पोरांना राही, स्वप्निल, तेजस्विनी सावंत ही नावं विचारली की दहातला एक हात वर करतो. त्या दाढीवाल्याच्या वाहिनीचं नाव मात्र सगळ्यांना पाठ.

कायद्याबद्दल या मुलांचे घोर गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात प्रतिबंधित शस्त्राची व्याख्या करताना कायदा नळीकडे किंवा गोळीकडे न जाता आधी चापाकडे जातो: चापावर दाब दिल्यापासून दाब काढेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत जे शस्त्र मारा करत राहतं, ते प्रतिबंधित. त्याच्या पाठोपाठ, २०१६ च्या नियमांत, सेमी-ऑटोमॅटिक रायफलीही पहिल्याच, म्हणजे सर्वात कडक वर्गात घातल्या आहेत. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येतं ते पॉइंट थर्टी-टूचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, नाहीतर बारा बोअरची बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका, आणि एका वर्गातलं शस्त्र परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गात बदलणं हा गुन्हा, ज्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. तेव्हा बाहेरून एखादा सुटा भाग मागवू, त्यात काय, असं ज्याला वाटतं त्याने आधी वकिलाकडे जावं. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीतलं.

अमेरिकेतही सगळा वाद चापावरच अडकलाय. तिथल्या १९३४ च्या कायद्यानुसार चापाच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या सोडते ती मशीनगन. २०१७ मध्ये लास वेगासला एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या कार्यक्रमावर गोळ्यांचा पाऊस पाडला. साठ माणसं गेली. त्याने रायफलींना एक जोड बसवला होता, ज्यामुळे धक्क्याने रायफलच मागेपुढे होऊन बोटावर आपटत राहते. सरकारने त्या जोडावर बंदी घातली. १४ जून २०२४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंदी रद्द केली. कारण काय, तर बोट स्थिर असलं तरी चाप दर गोळीला वेगळा हलतो, म्हणून ती मशीनगन नाही. निकालपत्रात चापाच्या आतल्या भागांच्या आकृत्या छापल्या आहेत. साठ मृतांच्या खटल्यात न्यायाधीश त्या नखाएवढ्या अडकणीचा भूगोल समजावून सांगत आहेत, हे वाचताना मला फार विचित्र वाटलं. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तर गोळी सुटल्यावर बोटाला जोराने पुढे ढकलणाऱ्या नव्या जातीच्या चापावरची न्यायालयीन भांडणंही तडजोडीने मिटवून टाकली. त्या गृहस्थाच्या ताज्या व्हिडिओत हाच चाप आहे.

दुसरीकडे न्यूझीलंड. १५ मार्च २०१९, शुक्रवार. क्राइस्टचर्चच्या दोन मस्जिदींत जुम्म्याच्या नमाजीला आलेले ५१ जण मारले गेले. मारेकऱ्याकडे साधा परवाना होता. त्याच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांना जास्त गोळ्यांच्या मॅगझिन जोडून त्या लष्करी जातीच्या बनवल्या होत्या. सहा दिवसांत पंतप्रधानांनी बंदी जाहीर केली आणि १० एप्रिलला संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा केला. लोकांकडून बंदुका सरकारने विकत घेतल्या. जे मुस्लिम तरुण मला ते व्हिडिओ पाठवतात, त्यांनी क्राइस्टचर्चचा व्हिडिओही एके काळी एकमेकांना पाठवला होता. दोन्हीकडे रायफल त्याच कुळातली आहे. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, मी सांगितल्यावर दोघं-तिघं गप्प झाले.

आता घरची गोष्ट. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला, आणि सगळ्या महाराष्ट्राने बीडकडे वळून पाहिलं. त्या चौकशीच्या गदारोळात समोर आलं की या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. ऊसतोडीला निम्मा जिल्हा बाहेर जातो, पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो, आणि परवाने बाराशे! हवेत गोळीबार करणाऱ्यांचे, कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले, गुन्हे दाखल झाले, प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्या व्हिडिओंत एक गोष्ट मी शिक्षकाच्या नजरेने पाहिली. जवळपास प्रत्येकाचं बोट चापाच्या आत होतं. ज्याला बंदुकीचं पहिलं अक्षर येतं, तो नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, नळीला समांतर ठेवतो. म्हणजे यांना बंदूक चालवायची नव्हतीच. मिरवायची होती. असल्या हाताला जगातला उत्तमातला उत्तम चाप द्या, तो धोकादायकच.

आणि मग ३० मार्च २०२५. ईदच्या आदल्या दिवशी पहाटे आमच्याच तलवाडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत, अर्धामसला गावच्या मस्जिदीत जिलेटिनच्या कांड्यांनी स्फोट घडवला गेला. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. फरशी उखडली, आतली मोडतोड झाली. दोघांना त्याच दिवशी पकडलं. आरोपींपैकी एकाने जिलेटिनच्या कांड्या हातात घेऊन रील टाकली होती, हेही वर्तमानपत्रांत आलं. पुन्हा मिरवणंच. विहिरीचा खडक फोडायची वस्तू, तिचीही रील.

त्या ईदनंतर एक माजी विद्यार्थी घरी आला. शीरखुर्मा पुढे ठेवला तर चमचा न उचलता म्हणाला, “सर, अपने लोगां को भी लायसन मिलना. उनके पास हैं, अपने पास कुछ नहीं.” व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकीच तो. मी त्याला काय सांगितलं, ते इथे लिहितो, कारण असं म्हणणारा तो एकटा नाही.

एक, परवाने जास्त आहेत ही तक्रार असेल तर आपण आणखी मागून ती सुटत नाही. ती कमी करायची मागणी करा, नाव-आडनाव न बघता सगळ्यांची. ज्याला खरोखर जिवाचा धोका आहे त्याला मिळावं. राजकारण्याच्या गाडीमागे फिरणाऱ्याला कशासाठी? प्रत्येक परवानाधारकाला नूतनीकरणाआधी पोलिसांसमोर मैदानावर उभं करा, बोट कुठे ठेवतो ते बघा. निम्म्यांचे परवाने मला वाटतं तिथेच सुटतील.

दोन, मराठवाड्याच्या मुसलमानाला तरी बंदुकीचा हिशेब कुणी शिकवायला नको. रझाकारांनी बंदुका मिरवल्या. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याची किंमत मोजली ती गावोगावच्या विणकरांनी, कुळांनी, ज्यांनी आयुष्यात चापाला बोट लावलं नव्हतं त्यांनी. त्या वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार हे दोघं समितीसोबत हैदराबाद संस्थानात फिरले आणि जे दिसलं ते दिल्लीला कळवलं. काझी साहेब उर्दूतले मोठे पत्रकार आणि लेखक. आमच्या मुलांना त्यांचं नाव ‘लैला के खुतूत’मुळे सांगतो, या अहवालामुळे सांगायला हवं. मिरवणारा एक आणि भोगणारे हजार, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलंय. घरी विचारा.

तीन. पैगंबर साहेबांनी (स.) तिरंदाजीला उत्तेजन दिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, रीलच्या खाली हेच लिहिलेलं असतं. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत दुसरीही हदीस आहे. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्याचं टोक हातात धरा, म्हणजे कुणाला ओरखडा उठणार नाही. भावाकडे हत्यार रोखूही नका, कारण हात कधी दगा देईल सांगता येत नाही. चौदाशे वर्षांपूर्वी बंदूक नव्हती, पण चापाबाहेर बोट ठेवण्याची शिकवण हीच. रीलच्या खाली ही हदीस कधी दिसत नाही.

तो बराच वेळ वाद घालत राहिला. पटलं असं मी म्हणणार नाही. जाताना मात्र त्याने विचारलं, मग चापाचा शौक असणाऱ्याने करायचं काय?

हा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि त्याला उत्तर आहे. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याची, वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल ठेवायला शस्त्रपरवाना लागत नाही. ऑलिंपिकचा दहा मीटरचा प्रकार ह्याच रायफलीवर होतो. निशाणाच्या कागदावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या टोकाएवढा. तिथे उभं राहिल्यावर एका तासात पोराला कळेल की चाप म्हणजे काय, भिंतीपाशी थांबणं म्हणजे काय. स्पर्धेची रायफल लाख-दोन लाखांच्या पुढे जाते, हे खरं. पण सरावाची साधी रायफल आठ-दहा जणांत मिळून घेता येते. अंजली भागवत एनसीसीतून पुढे आल्या. आमच्या तालुक्यात आमदार निधीतून कमानी होतात, सभामंडप होतात, व्यायामशाळांना डंबेल्स येतात. एका गावात दहा मीटरची एक गल्ली आखून द्यायला त्यापेक्षा पुष्कळ कमी पैसे लागतील. मुलींनाही ती खुली असावी, आणि वेळापत्रकात त्यांचा वेळ आधी लिहावा, नाहीतर पोरं त्यांना फिरकू देणार नाहीत.

आमच्या शाळेचा मागचा व्हरांडा मी टेप लावून मोजला. तेरा मीटर भरला. टोकाच्या भिंतीपलीकडे पाचवीचा वर्ग आहे, त्यामुळे आधी छर्रे अडवणारी लोखंडी पेटी लागेल आणि सराव शाळा सुटल्यावरच घ्यावा लागेल. अर्ज लिहून ठेवलाय. सही करायला आणखी चार पालक हवेत.